डेलिया ब्रेहनीचा आगाऊ निरोप

आयर्लंडमधल्या आमच्या किलकॅरनमध्ये कुणाला निरोप द्यायचा म्हटलं की लोकांचे हात आखडतात. बॉस्टनला निघालेल्या पोराला एक रोझरीची माळ, लग्न होऊन गॉलवेला जाणाऱ्या मुलीला चादरींचा जोड, झालं. पण डेलिया ब्रेहनी स्वयंसेवक म्हणून आफ्रिकेत जाणार हे कळलं आणि गावाने जी उदारता दाखवली, ती बघून खुद्द डेलियाला भरून आलं. बिचारीला कारण कळलं नाही. कारण एवढंच, की ती गेलेली सगळ्यांना हवी होती.

डेलिया वीसेक वर्षं फादर लॅव्हिन यांचं घर सांभाळत होती. स्वयंपाक, धुणं, दारावरची घंटा आणि फोन, एवढंच म्हणायला तिचं काम. प्रत्यक्षात फादरांपर्यंत पोचायचं तर आधी डेलियाच्या परीक्षेला बसावं लागे. बाप्तिस्म्याची तारीख ठरवायला आलेल्या बाईला ती उंबऱ्यावरच विचारी, "नाव काय ठेवणार?" नाव पसंत पडलं नाही तर "फादर झोपलेत," म्हणून दार लावून घेई. खाटीक मॅलाकी स्कॅनलनला तिने भर गिऱ्हाइकांत सुनावलं होतं, "मॅलाकी, तुझं मटण तुझ्या स्वभावावर गेलंय. चिवट." माझं चौकात कपड्यांचं दुकान. काचेत लावलेला परकर एकदा तिने आत येऊन स्वतःच्या हाताने उतरवला, का तर समोरून पुरुषमाणसं मिस्साच्या प्रार्थनेला जातात. तरी आमची मैत्री होती. डेलियाशी मैत्री करणं अवघड नव्हतं. ती सांगेल ते करायचं, की झालं.

फादर लॅव्हिन वारले आणि त्यांच्या जागी फादर डेक्लन आले. तरुण, हसतमुख. "मला नुसतं डेक्लन म्हणा," असं ते सगळ्यांना सांगत, आणि कुणीही म्हणत नसे. पहिल्याच आठवड्यात त्यांनी स्वयंपाकघरातली कपाटं एकेक करून उघडली. "हे जुनं झालं. हे लागणार नाही. हे तर कुणाला देऊनच टाकू." मग एक मायक्रोवेव्ह आणला, तो ओट्यावर ठेवला आणि प्रेमाने म्हणाले, "डेलिया, खूप केलंत तुम्ही. आता जरा विश्रांती घ्या."

डेलियाला कुणी मारलं असतं तरी इतकं लागलं नसतं.

त्याच महिन्यात चर्चच्या दारावर एका मिशन-संस्थेची सूचना लागली. झांबियातल्या एका मुलींच्या वसतिगृहाला स्वयंपाकघरातलं अनुभवी माणूस हवं होतं, दोन वर्षांसाठी. डेलियाने अर्ज केला. फादर डेक्लननी तिची अशी शिफारस केली, की एखाद्याला संतपद द्यायचं असतं तरी कुणी इतकं चांगलं लिहिलं नसतं.

आता निरोप समारंभ करायचा तर हॉल हवा, आणि हॉल सगळा हिवाळा बिंगो आणि नाचांना दिलेला. ऑक्टोबरातला एक रविवार तेवढा मोकळा होता. म्हणून आधी निरोप, मग विकलो परगण्यात संस्थेच्या घरी दहा दिवसांचं पूर्वतयारी शिबिर, आणि प्रत्यक्ष जाणं त्यानंतर सहा आठवड्यांनी, असा उलटा क्रम पडला. मधल्या सहा आठवड्यांचं काय, हे कुणी विचारलंच नाही. लोक घाईत होते.

समारंभ मात्र दणक्यात झाला. गावाने तिला एक सूटकेस दिली. ती बघून मी मनात म्हटलं, हिच्यात माणूस सगळा संसार घालेल आणि परत कशासाठीही येणार नाही. देणाऱ्यांचाही तोच विचार असावा. मॅलाकी स्कॅनलन स्टेजवर चढला, डेलियाचा हात हातात घेतला आणि म्हणाला, "आज या गावाचं काळीज चाललंय." शाळेच्या मास्तरीणबाईंनी तिच्या कडक शिस्तीत दडलेल्या मायेबद्दल सांगितलं. मेलेल्या माणसाबद्दल जे बोलायचं असतं ते सगळं त्या संध्याकाळी बोलून झालं, आणि समोर डेलिया बसून रुमालाने डोळे टिपत होती. फादर डेक्लननी गिटार वाजवली. दुसऱ्या दिवशी बस सुटताना चौकात गर्दी होती. बस वळणाआड गेली आणि मी शप्पथ सांगते, माझ्या शेजारच्या बाईने मोठा श्वास सोडला.

विकलोचं ते घर म्हणजे समुद्राकाठचं नन्सचं एक जुनं कॉन्व्हेंट. तिथलं सगळं मला डेलियानेच नंतर सांगितलं, थोडं थोडं करून, आणि आधी रागाने.

प्रमुख होत्या सिस्टर युनान. अगदी लहान चणीची, म्हातारी, कमी बोलणारी बाई. शिबिर चालवायला टर्लो नावाचा दाढीवाला होता, झांबियात दोन वर्षं राहून आलेला. नोव्हेंबर उजाडायला आलेला आणि हा उघड्या चपला घालून फिरे. पहिल्या दिवशी त्याने सगळ्यांना मोठमोठे कागद दिले आणि म्हणाला, "आपल्या आयुष्याची नदी काढा." बरोबरच्या पोरांनी धबधबे काढले, भोवरे काढले. डेलियाने एक सरळ रेघ काढली आणि त्याला म्हणाली, "ही नदी. आता तुझी ती खडूची पेटी आवर, पायाखाली आलेत खडू."

दुसऱ्या दिवशी हाताने जेवायचा वर्ग. टर्लोने मक्याच्या पिठाची न्शिमा घाटली, सगळ्यांना चटईवर बसवलं आणि बोटांनी गोळा कसा करायचा, अंगठ्याने खळगा कसा पाडायचा, तो भाजीत कसा बुडवायचा, याचं पाऊण तास व्याख्यान दिलं. फळ्यावर हाताची आकृतीसुद्धा काढली. तोवर न्शिमा थंड होऊन दगड झाली. विद्यापीठात शिकलेली पोरं कोपरापर्यंत बरबटली. डेलियाला बोटांचं काही वाटलं नाही. ती पदार्थाकडे बघत होती. "हे त्या देशातली माणसं खातात?" तिने विचारलं. टर्लो अभिमानाने म्हणाला, "रोज." "मग तू केलेलं नक्की खात नसतील. गुठळ्या आहेत." आणि ती उठून भांडं घेऊन आत गेली. तिसऱ्या दिवसापासून कॉन्व्हेंटच्या स्वयंपाकघराचा ताबा तिच्याकडे होता. तिथली स्वयंपाकीण घरी बसून रडत होती.

सिस्टर युनान नुसत्या बघत होत्या. डेलियाला वाटलं, बाई खूश आहेत.

मग आला तो दिवस, सल्ला न द्यायचा. सकाळी टर्लोने नियम सांगितला, "आज दिवसभर कुणीही कुणाला काहीही सुचवायचं नाही. विचारायचं आणि ऐकायचं. बस्स." डेलिया नाश्त्यालाच हरली. समोरच्या पोराने पावाला आधी जॅम लावला आणि मग लोणी. तिथे ती तरी काय करणार? पण हरायची तिला सवय नव्हती, म्हणून तिने ठरवलं की माणसांपासूनच लांब राहायचं, आणि ती बागेत जाऊन उभी राहिली. तिथे माळी गुलाबांची छाटणी करत होता, तीही चुकीच्या डोळ्यावर. "बर्नी," ती मला म्हणाली, "मी माझा स्कार्फ तोंडात धरला. अक्षरशः दातांत. त्या माणसाला वाटलं मला फिट येतेय. त्याने सिस्टरला हाक मारली."

सातव्या की आठव्या दिवशी नाटकाचा खेळ होता. स्वयंसेवकांत ऑर्ला नावाची कॉर्क शहरातली मुलगी होती, आहारशास्त्र शिकून आलेली, गोड आणि भाबडी. टर्लो म्हणाला, "डेलिया, तुम्ही खेड्यातल्या मिसेस बांडा. हे तुमचं स्वयंपाकघर. ऑर्ला परदेशातून आलीय, तुमची चूल सुधारायला."

डेलिया ऐटीत खुर्चीवर बसली. सुरुवातीला सगळे हसत होते. ऑर्लाने हवेतलं दार उघडलं, हवेतल्या चुलीकडे बघून नाक मुरडलं आणि हवेतलंच कपाट उघडून म्हणाली, "अरे बापरे, किती जुनं आहे हे सगळं! हे आता लागणार नाही, मिसेस बांडा. आणि हेही नाही. मी तुम्हाला नवीन आणून देईन, मग तुम्हाला किती आराम मिळेल!"

पोरं वाट बघत होती की आता ही हिची खरडपट्टी काढणार. पण डेलिया हळूच म्हणाली, "आत येताना मला विचारलंस का गं?"

"अं?"

"कपाट माझं आहे. उघडण्याआधी विचारलंस का? इतकी वर्षं मी इथे राबले. कुठली वाटी कशासाठी ते मला ठाऊक. तू काल आलीस. तू मला आराम देणार?" आणि तिचा आवाज फुटला. ऑर्लाला कळेना की हे नाटक आहे की काय. टर्लो मात्र आनंदाने उडालाच. "वा! डेलिया, अप्रतिम! त्या भावनेत राहा! तिथेच राहा!"

"तुझी भावना घाल चुलीत," म्हणून डेलियाने नाक पुसलं.

मग उलट खेळ. आता ऑर्ला मिसेस बांडा, आणि डेलिया बाहेरून आलेली. डेलिया आत शिरली. शिरताशिरताच तिने खिडकी उघडली, पातेल्यावरचं झाकण काढून वास घेतला, ऑर्लाला दंडाला धरून खुर्चीतून उठवलं आणि खुर्ची भिंतीला लावली. "हां. आता जरा हलायला जागा झाली." हसून हसून सगळ्यांची मुरकुंडी वळली. फक्त सिस्टर युनान हसल्या नाहीत, आणि डेलियाने नेमकं त्यांच्याकडे बघितलं.

"बर्नी," ती मला सांगत होती, "मी डेलिया म्हणून त्या दारातून आत गेले. आणि आत पोचते तर मी फादर डेक्लन!"

शेवटच्या दिवशी सिस्टर युनाननी तिला बोलावलं. "तुम्ही जाऊ शकता," त्या म्हणाल्या. "पण तिथल्या स्वयंपाकघराला प्रमुख आहेत. मिसेस म्वान्सा. पहिलं वर्ष तुम्ही त्यांच्या हाताखाली."

"हाताखाली? सिस्टर, मी फादर लॅव्हिनांच्या हाताखाली होते, आणि त्यांचंही मी कधी ऐकलं नाही."

"म्हणूनच," सिस्टर म्हणाल्या.

डेलिया त्याच क्षणी नाही म्हणणार होती, हे तिने मला प्रामाणिकपणे सांगितलं. तोंडावर आलेलं. पण एवढ्या थाटात निरोप घेतलेली बाई नाही म्हणून परत कुठल्या तोंडाने जाणार? गावाने ज्या हेतूने समारंभ केला होता तो असा सफळ झाला. ती हो म्हणाली.

आणि शिबिर संपवून, सहा आठवडे काढायला, ती किलकॅरनला परतली.

बसमधून आधी ती सूटकेस उतरली आणि मग डेलिया. चौकातली माणसं भूत बघितल्यासारखी थिजली. फादरांच्या घरातली तिची खोली एव्हाना तरुणांच्या मंडळाला दिलेली, म्हणून ती माझ्याकडे दुकानाच्या वरच्या खोलीत राहायला आली. दुसऱ्या दिवशी मॅलाकीकडे मटण घ्यायला गेली, तर गावाचं काळीज गेलं म्हणणारा तो माणूस टांगलेल्या गुरामागे जाऊन उभा राहिला. खालून त्याचे बूट दिसत होते. जो भेटेल त्याचं एकच. "अजून इथेच?" "गेली नाहीस होय?" "कधी निघायचं मग?" चांगलं सगळं बोलून संपलेलं, आता बोलायला काही शिल्लकच नव्हतं. लोक रस्ता ओलांडून पलीकडे जात. त्यात झांबियातून कळलं की कामाच्या परवान्याला उशीर आहे. सहा आठवड्यांचा नाताळ झाला, नाताळावरून गोष्ट ईस्टरआधीच्या उपासांवर, लेंटवर, गेली.

शिबिरातून निघताना सिस्टर युनाननी तिला सांगून ठेवलं होतं, घरी सराव करा. विचारा, आणि मग गप्प बसा. डेलिया काम दिलं की करणारी बाई. ती सकाळी दहाला खाली येई, दुकानातल्या हीटरशेजारी खुर्ची टाकून विणत बसे, आणि सराव करी.

पहिला सापडला मॅलाकीच. मोजे घ्यायला आला आणि तिला बघून परत फिरणार, तेवढ्यात ती म्हणाली, "कसं चाललंय, मॅलाकी?"

"ठीक."

डेलिया काही बोलली नाही. मॅलाकी पुढच्या टोल्याची वाट बघत उभा राहिला. टोला येईना. सुया तेवढ्या टिकटिकत होत्या. माणसाला अशी शांतता सोसत नाही, त्यात आमच्या गावच्या माणसाला तर नाहीच. "म्हणजे, ठीकच म्हणायचं," तो म्हणाला. डेलिया म्हणाली, "हं." "धंदा बरा आहे." "हं." "पोरगा आहे बॉस्टनला." आणि मग बराच वेळाने, हातातले मोजे चुरगाळत, "दोन वर्षं झाली, फोन नाही त्याचा. बायको रोज म्हणते, लाईन खराब असेल." हे गावात कुणालाच माहीत नव्हतं. मी काउंटरमागे श्वास रोखून उभी. मला वाटलं, आता ही म्हणणार, तुझाच स्वभाव नडला. ती म्हणाली, "बस ना जरा."

त्या वसंतात माझ्या दुकानात पुरुषांचे मोजे जेवढे खपले तेवढे आधी कधी खपले नव्हते. मास्तरीणबाई आल्या. पोस्टातला पीटर आला, रोज, आणि त्याच्याकडे आता मोजे ठेवायला जागा नसणार. डेलिया कुणाला काही सांगायची नाही. आणि मला सगळ्यात नवल याचं, की गिऱ्हाईक गेल्यावर मी विचारलं, "काय म्हणत होता?" तर ती म्हणायची, "ते त्याचं त्याच्यापाशी." जिने वीस वर्षं अख्ख्या गावाच्या बातम्या पुरवल्या, ती! मला तर त्या दिवसांत अगदी उपाशी राहिल्यासारखं वाटे.

शेवटी फादर डेक्लन आले. मी पडद्यामागे बायकांचे आतले कपडे लावत होते, आणि खरं सांगायचं तर ते कपडे आधीच लावून झालेले होते.

"डेलिया, मी सहज आलो," ते म्हणाले.

"हं. कसं चाललंय, फादर?"

"डेक्लन म्हणा हो." मग बराच वेळ काही नाही. मग, "जेवण दोन मिनिटांत गरम होतं. मी समोर उभा राहून तो डबा आत गोल फिरताना बघतो. ती दोन मिनिटं फार मोठी असतात." डेलियाने एक ओळ विणली. "दारावर कुणी येत नाही. मला वाटलं होतं, तुम्ही दारात नसलात की लोक सरळ आत येतील. आता कुणीच येत नाही. तुम्ही अडवत होता, म्हणून तरी लोकांना आत यावंसं वाटत होतं की काय."

मी पडद्याच्या फटीतून बघितलं. डेलियाचे ओठ घट्ट मिटलेले, आणि विणकाम मांडीवर थांबलेलं. त्या बाईच्या जिभेवर काय काय आलं असेल! मायक्रोवेव्ह, कपाटं, गिटार, सगळं. तिने गिळलं. फादर म्हणाले, "परत याल का? पूर्वीसारखं. तुमच्या पद्धतीने." तिने "हं" केलं, आणि त्या "हं"चा अर्थ काय लावायचा ते त्यांना कळलं नाही. मलाही नाही.

परवाना आला त्याच आठवड्यात. बातमी फुटली आणि गावात अशी चुळबुळ सुरू झाली, की विचारू नका. मॅलाकी तडक दुकानात आला. अंगावर एप्रन तसाच.

"तिकडे कशाला जातेस आता? माणसं इथे नाहीत का?"

"निरोप झालाय, मॅलाकी."

"निरोपाचं काय घेऊन बसलीस! तेव्हा आम्हाला काय ठाऊक!"

"काय ठाऊक?" डेलियाने विचारलं. मॅलाकी लाल झाला आणि मोजे न घेताच गेला.

त्याच दुपारी चहा पिताना मी तिला विचारलं. "जायचं कशाला गं? सगळे हवी म्हणतायत तुला. आयुष्यात पहिल्यांदा."

ती म्हणाली, "बर्नी, इथे मी गप्प असते ती खोटी गप्प असते. मॅलाकी पोराचं सांगताना रडत होता ना, तेव्हा माझ्या मनात चाललं होतं की याच्या सदऱ्याची कॉलर कुणी इस्त्री केलीय. मला या सगळ्यांचं सगळं माहीत आहे. माहीत असून तोंड मिटायचं म्हणजे सोंग. तिकडे मला खरंच काही माहीत नसेल. तिकडे मला गप्प बसायला सोंग करावं लागणार नाही."

एप्रिलच्या एका सकाळी ती गेली. या वेळी हॉल नाही, भाषण नाही. बसला मी, मॅलाकी, पीटर आणि फादर डेक्लन. फादरांनी सूटकेस वर चढवली आणि त्यांची पाठ धरली.

त्यानंतर तीनेक वर्षांनी संस्थेने मिसेस म्वान्सांना आयर्लंडला आणलं, गावोगावच्या चर्चमध्ये बोलायला. आमच्या हॉलमध्ये तोबा गर्दी. आमच्या डेलियाचं कौतुक ऐकायचं होतं सगळ्यांना. मिसेस म्वान्सा उंच, भारदस्त बाई. वसतिगृहाबद्दल, मुलींबद्दल, विहिरीबद्दल बोलल्या. मग मॅलाकीने उठून विचारलं, "आणि आमची डेलिया?"

मिसेस म्वान्सा जरा घुटमळल्या. "रागावू नका," त्या म्हणाल्या. "पहिलं वर्षभर ती एक शब्द बोलली नाही. आम्हाला वाटलं, आयर्लंडने आमच्याकडे जरा मंद बाई पाठवलीय. आम्हाला तिची दया आली. सुरी कशी धरायची ते माझ्या मुलीने तिला हात धरून शिकवलं. कांदा कसा चिरायचा तेही. ती मान डोलवायची."

मॅलाकी बसायचं विसरून तसाच उभा होता.

"मग दुसऱ्या वर्षी एक दिवस ती म्हणाली की लाकडं भिंतीच्या या बाजूला रचली तर ओली होणार नाहीत. आम्हाला इतका आनंद झाला! बाई बोलली! सगळ्यांनी मिळून लाकडं हलवली."

"आणि?" मॅलाकीने विचारलं.

"आणि त्यानंतर ती थांबलीच नाही."

फादर डेक्लन सगळ्यांत जास्त वेळ हसत होते. मिसेस म्वान्सांनी हात वर केला. "पण एक सांगते. माझं कपाट ती अजून मला विचारून उघडते. आमच्या बिशपना मात्र काय काय सुनावते ते मी इथे सांगणार नाही."

डेलिया दोन वर्षांची चौदा वर्षं करून बसली. मध्ये एकदा गुडघ्याच्या ऑपरेशनला आली, माझ्याकडे तीन आठवडे राहिली, थंडीच्या नावाने बोटं मोडली आणि माझ्या स्वयंपाकाला कुठे मीठ कमी, कुठे जास्त, ते सांगितलं. मी विचारलं, "तुझं ते ऐकायचं व्रत कुठे गेलं?" ती म्हणाली, "ते परक्या माणसांसाठी. तू कधीपासून परकी झालीस?" आणि बटाटे सोलायला माझ्या हातातून सुरी काढून घेतली.